एसी लावला की बॉनेटखाली घर्रर्र, थांबताना टक-टक-टक : फॅन की कॉम्प्रेसर?

जिनिंगचा_दिवाणजी (आर्वी) – शनिवार, रात्री ९:४२

राम राम मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेली. मी एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) हिशेब पाहतो. दिवाळी ते होळी गाडी दिवसभर तिथल्याच आवारात उभी असते, संध्याकाळी घरी. महिन्यातून एखादी नागपूरची फेरी.

पंधरा दिवसांपासून त्रास सुरू आहे. एसी लावला की समोरून घर्रर्र असा आवाज येतो. पिठाच्या गिरणीत दाणे संपले की आवाज कसा बदलतो, अगदी तसा. एसी बंद केला तरी आवाज एकदम तुटत नाही. हळू होत होत शेवटी टक... टक... टक... आणि मग गप्प. साठच्या पुढे काही ऐकू येत नाही, पण रेल्वे फाटकावर उभा राहिलो की शेजारचा मोटरसायकलवाला वळून पाहतो.

इथल्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान लावला आणि "कॉम्प्रेसर गेला" म्हणून सांगितलं. सामान, गॅस, मजुरी धरून १६ हजार. ऊन ४४ वर आहे, एसीशिवाय निघवत नाही, आणि १६ हजार असे सहज काढून देणंही होत नाही. कोणाला असा अनुभव आहे का?

---

स्पीड_४७ (अकोला) – शनिवार, रात्री १०:०५

फॅनच्या मोटरमध्ये तेल सोड भाऊ. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो, दोन फवारे मार. माझा आवाज पाच मिनिटांत बंद झाला होता.

---

पाना_पक्कड (हिंगणघाट) – रविवार, सकाळी ६:५०

दिवाणजी, १६ हजार खिशातच ठेवा. तुम्ही लिहिलेल्या शेवटच्या ओळीतच अर्धं निदान आहे. एसीचं बटण बंद केलं की कॉम्प्रेसरचा क्लच त्याच क्षणी सुटतो. त्याला हळू होत होत थांबायला सवडच नसते. गिरक्या घेत थांबणारी वस्तू समोर एकच, ती म्हणजे पंखा.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः करून बघा. मी ३१ वर्षं एसटीच्या डेपोत काढली. तिथे आमचे फोरमन सामान बदलायच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी एकच विचारायचे, "आवाज कोणाच्या मागे चालतो?" इंजिनच्या मागे चालतो, चाकाच्या मागे, की कोणाच्याच नाही?

गाडी सावलीत उभी करा. एसी बंद. इंजिन चालू ठेवून टेंपरेचरच्या काट्याकडे बघत बसा. काटा मधोमध आला किंवा जरासा वर सरकला की पंखा आपोआप लागेल. एसी बंद असतानाही तोच घर्रर्र आला, तर कॉम्प्रेसर सुटला निर्दोष.

आवाज चालू असतानाच थोडी रेस द्या. कॉम्प्रेसरची पुली, अल्टरनेटर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) हे सगळे पट्ट्यावर फिरतात. त्यांच्यापैकी कोणी ओरडत असेल तर रेसबरोबर सूर चढणारच. तुमच्या गाडीचा पंखा विजेवर आहे, त्याला रेसशी काही देणंघेणं नाही. तो एकाच सुरात रडत राहील.

आणि हो, पुलीची बेअरिंग गेलेली असती तर एसी बंद ठेवूनही आवाज आला असता, कारण इंजिन चालू आहे तोवर पुली फिरतच असते. हे त्या मेकॅनिकलाही माहीत असणार. घाईत असेल बिचारा.

स्पीड भाऊ, तुमच्या फवाऱ्याबद्दल नंतर बोलतो.

---

डिझेल_मामा (परतवाडा) – रविवार, सकाळी ८:२०

काका बरोबर बोलून रायले. पण माझी गोष्ट वेगळी हाय, इथंच इचारून घेतो. माझी जुनी जीप, फॅन पट्ट्यावरच हाय, मधात तो गोल डब्बा. सकाळी सेल मारला की फॅन असा बोंबलते, वाटते विमान उतरून रायलं. दोन मिनिटात गप. आता चिखलदऱ्याच्या घाटात तं उलटंच होऊन रायलं. जिथं बोंबलाले पायजे तिथं आवाज नाई, अन् काटा वर. काऊन बाप्पा?

---

जिनिंगचा_दिवाणजी – रविवार, दुपारी १२:१५

काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कडुलिंबाखाली गाडी लावली, एसी बंद. सहा-सात मिनिटांत काटा मध्याच्या जरा वर गेला, खट् झालं आणि घर्रर्र सुरू. रेस दिली, सूर जागचा हलला नाही.

अजून एक लक्षात आलं, पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. एकदा लागलेला पंखा बंदच होईना. वीस मिनिटं बसलो, चालूच. शेवटी इंजिन बंद केलं.

---

पाना_पक्कड – रविवार, दुपारी १:०२

हे वीस मिनिटांचं महत्त्वाचं आहे. आवाजापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

एसी नसताना, गाडी जागेवर उभी असताना पंखा मिनिट-दोन मिनिटं चालावा, पाणी थोडं निवलं की थांबावा, पुन्हा लागावा. मे महिन्यात जरा जास्त चालेल, ते मान्य. पण थांबतच नाही म्हणजे वारा रेडिएटरमधून जात नाही, किंवा आत पाणी फिरत नाही, किंवा टेंपरेचरचा सेन्सर खोटं बोलतो आहे. सेन्सर तुटला तर बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर धोका नको म्हणून पंखा सतत चालूच ठेवतो. पण मग तो थंड इंजिनवर चावी दिल्याबरोबर लागतो. तुमचा सहा मिनिटांनी लागला, म्हणजे सेन्सर बहुतेक ठीक आहे.

आज रात्री एक करा. बॉनेट उघडून रेडिएटरच्या मागून, जिथून दिसेल तिथून, बॅटरीचा उजेड पुढे मारा आणि घरच्या कोणाला तरी समोरच्या जाळीतून पाहायला सांगा. पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांमधून उजेड चाळणीसारखा दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुम्ही जिनिंगमध्ये काम करता हे लक्षात घ्या.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मगच पंख्याला हात लावा. बऱ्याच गाड्यांत चावी काढलेली असली तरी पंखा आपोआप लागू शकतो. आणि उन्हाचा दुपट्टा डोक्याला गुंडाळून बॉनेटमध्ये वाकू नका, आधी सोडून बाजूला ठेवा. दुपट्ट्याचं टोक पुलीत गेलेला माणूस मी पाहिला आहे. वाचला तो, पण पुढे कधी बॉनेटजवळ आला नाही.

पातं धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. नुसतं फिरलं पाहिजे, डुलता कामा नये. आणि भोवतीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरच्या आतल्या कडेवर घासल्याची चकचकीत रेघ दिसते का ते पाहा.

---

पाना_पक्कड – रविवार, दुपारी १:३०

मामा, तुमच्यासाठी वेगळं लिहितो, नाहीतर दोन गाड्या एकमेकींत मिसळतील.

ज्या गाडीत इंजिन लांबीत बसवलेलं असतं, म्हणजे जुन्या जीप, सुमो, बोलेरो, तिथे पंखा पट्ट्यावरच्या पुलीला लावणं सोपं जातं. छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं, पुली चाकाकडे तोंड करून असते, म्हणून तिथे विजेचा पंखा आला. तुमचा तो 'गोल डब्बा' म्हणजे व्हिस्कस कपलिंग. आत सिलिकॉनचं दाट तेल असतं, समोर पत्र्याची छोटी स्प्रिंग. रेडिएटरमधून गरम वारा आला की स्प्रिंग वळते, तेलाची वाट उघडते आणि डब्बा पंख्याला घट्ट धरतो. थंड असेल तर पकड ढिली, पंखा आपला रमतगमत फिरतो.

सकाळी दोन मिनिटं बोंबलतो ते रीतसर आहे. रात्रभरात तेल पकडीच्या बाजूला उतरून बसलेलं असतं. घाटात गप्प राहतो, ते मात्र वाईट. गाडी चांगली तापल्यावर इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि कापड धरून पंखा हाताने झटकून फिरवा. जड वाटला पाहिजे, अर्ध्या-पाऊण गिरकीत थांबला पाहिजे. भिंगरीसारखा फिरला तर तेल गेलं समजा. डब्ब्याच्या मधोमध तेलकट धूळ चिकटलेली आहे का तेही पाहा. स्प्रिंगवर चिखल वाळून बसला असेल तर आधी तो मऊ ब्रशने काढा, कधी कधी तेवढ्यावरच भागतं.

नवा आणलात तर दुकानापासून घरापर्यंत उभाच आणा, आडवा टाकू नका. तेल भलतीकडे जातं.

---

तूरडाळ (दारव्हा) – रविवार, सायंकाळी ५:४०

काका, माझ्या गाडीचा पंखा पूर्वी हळूच लागायचा, कळायचंही नाही. आता बराच वेळ काही नाही आणि मग एकदम फुल स्पीडने धडाक्यात सुरू होतो. शाळेच्या गेटवर मुलं कानावर हात ठेवतात. घासल्यासारखा आवाज नाही, नुसता वाऱ्याचा. हाही पंखाच खराब ना?

---

पाना_पक्कड – रविवार, सायंकाळी ६:१५

नाही ताई. पंखा शहाणा आहे, त्याची पहिली पायरी तुटली आहे. बऱ्याच गाड्यांत दोन वेग असतात. हळू वेगासाठी वीज एका रेझिस्टरमधून जाते, जोरात चालायचं तर थेट. रेझिस्टर जळला की हळू वेग मेला. मग पाणी अजून तापेपर्यंत पंखा वाट बघतो आणि लागला की पूर्ण ताकदीने लागतो. रेझिस्टर बहुतेक वेळा पंख्याच्या कव्हरवरच बसवलेला असतो. ऑटो इलेक्ट्रिशियनला "फॅनचा लो स्पीड चेक कर" एवढंच सांगा. "फॅन बदल" म्हणू नका, म्हणालात की तो बदलेल.

---

जिनिंगचा_दिवाणजी – सोमवार, सकाळी ९:३०

मंडळी, काय सांगू.

रात्री बायको समोर उभी, मी मागून बॅटरी मारतो आहे. "दिसतो का उजेड?" "नाही." "आता?" "लावली तरी का बॅटरी?" इतका अंधार.

सकाळी कव्हरचे चार बोल्ट, १० चा पाना, पंखा कव्हरसकट वर उचलला. रेडिएटरची मागची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ होती, म्हणून वाटलं काही नाही. मग वरचे क्लिप सोडून रेडिएटर जरा मागे ओढला. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर जागा आहे. त्या जागेत रुई. पातळ थर वगैरे नाही, दाबून बसवलेली, गादीत भरतात तशी. वर धूळ, मध्ये सोयाबीनच्या कुटाराच्या काड्या, दोन-चार मेलेले भुंगे. बोटाने टोक धरून ओढलं तर रेडिएटरच्या मापाचा सबंध चौकोन सुटून हातात आला. आईने विचारलं, "वातीले चालन का?" म्हटलं, आई, ही वात लावली तर देवही खोकलेल.

पंख्याची दुसरी गोष्ट. पातं धरून हलवलं तर टोक चांगलं तीन-चार मिलिमीटर डुलतं. कव्हरच्या आत खालच्या बाजूला चकचकीत चंद्रकोर घासलेली. टक-टक तिथलीच.

खात्रीसाठी मोटर थेट चालवून पाहिली. फवारणी पंपाची बॅटरी घेतली, १२ व्होल्टचीच असते. तोच घर्रर्र आला, गाडीशी काही संबंध नसताना. फक्त वायर चटकन गरम झाली.

---

पाना_पक्कड – सोमवार, सकाळी १०:१०

वायर गरम होणारच! पंपाची वायर दोन-चार अँपिअरची, पंख्याची मोटर दहा-पंधरा सहज ओढते, सुरू होताना त्याहून जास्त. पुन्हा करायचं झालं तर जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि मोटर घट्ट धरलेली. जमिनीवर ठेवून चालवली तर ती उडी मारते. पण निदान एकदम पक्कं झालं, त्याबद्दल शाबास.

आता कार्यकारण लक्षात घ्या. रुईने वारा अडवला, पाणी निवेना, पंखा दिवसदिवस चालू राहिला. अशा मोटरमध्ये बहुतेक बुश असतो, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची छोटी नळी, आतच तेल मुरवलेली. इतकं चालून चालून तो झिजला, पातं डुलायला लागलं, कव्हरला घासायला लागलं. नुसती मोटर बदलून रुई तशीच ठेवली असती तर पुढच्या होळीला हाच धागा पुन्हा वर आला असता.

साफ करताना पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे इंजिनच्या बाजूने जाळीकडे. कचरा आला त्या वाटेने परत जातो. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पापुद्रे कागदासारखे वाकतात आणि वाकलेला पापुद्रा म्हणजे पुन्हा बंद खिडकी. घरच्या नळाची पाइप पुरे.

आणि स्पीड भाऊ, तुमचा फवारा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे बुशातलं उरलंसुरलं तेल धुऊन काढतो. चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी दुप्पट आवाज. शिवाय आत कार्बन ब्रशची भुकटी असते, तिच्यात तेल मिसळलं की काळी चटणी होते.

---

स्पीड_४७ – सोमवार, सकाळी १०:३२

म्हणूनच माझी मोटर दीड महिन्यात गेली का? मला वाटलं माल खराब होता.

बरं, थर्मोस्टॅटच (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकला तर? आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच काढतात.

---

पाना_पक्कड – सोमवार, सकाळी ११:००

काढतात, आणि मग थंडीत मायलेज का पडलं म्हणून विचारतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो. उन्हाळ्यात तो तसाही उघडाच असतो, काढून वेगळं काय मिळणार? उलट इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं. अडकून बसला असेल तर नवा टाका. अपेंडिक्स समजून कापू नका.

---

खारपाणकर (दर्यापूर) – सोमवार, दुपारी ३:२५

बाहेरचं झालं, आतलं कोण पाहणार? दिवाणजी, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं भरता? आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. आमच्या बोअरचं पाणी कढईत उकळलं तरी बुडाला पांढरी खपली धरते. तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत होतं. माझ्या भावाच्या रेडिएटरच्या खालच्या नळ्या अशाच चोंदल्या होत्या, वरून हात लावला तर गरम, खालून थंड.

कूलंट आणि बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी अर्धं-अर्धं घाला, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. थंडीत गोठू नये म्हणून असतं, आपल्याला काय करायचं, असं लोक म्हणतात. पण ते उकळायचा अंशही वर नेतं आणि गंज धरू देत नाही. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका, हे लहान पोट्ट्यालाही ठाऊक आहे, तरी दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात भाजतोच.

---

जिनिंगचा_दिवाणजी – बुधवार, रात्री ८:५०

नवी मोटर १,९०० ला मिळाली, बसवायचे ३००. आवाज पूर्ण बंद. पण आनंद एकच दिवस टिकला.

आज पुलगावला जाऊन आलो. रुई काढली, पाणी नवं, पंखा नवा, आणि काटा पूर्वीपेक्षाही वर! गाडी उभी राहिली की एसीतून कोमट हवा. पंखा चालू दिसतो, आवाज सुईं असा गोड. मग हे काय? त्या १६ हजारवाल्याचं ऐकायला हवं होतं का?

---

पाना_पक्कड – बुधवार, रात्री ९:०५

मोटरची पिन जुन्यासारखीच होती, की वायर कापून जोडल्या?

---

जिनिंगचा_दिवाणजी – बुधवार, रात्री ९:०८

कापून जोडल्या. पिन वेगळी होती. दोन्ही वायरी काळ्याच होत्या.

---

पाना_पक्कड – बुधवार, रात्री ९:२०

आत्ताच गाडी सुरू करा, एसी लावा आणि पेपरचं एक पान समोरच्या जाळीवर धरून सोडा. पंखा रेडिएटरच्या मागे आहे, त्याने वारा समोरून ओढायचा असतो. पान जाळीला चिकटलं पाहिजे.

---

जिनिंगचा_दिवाणजी – बुधवार, रात्री ९:४१

पान उडून अंगणात गेलं. कुत्रं त्याच्या मागे.

---

पाना_पक्कड – बुधवार, रात्री ९:४५

पंखा उलटा फिरतो आहे. डीसी मोटर आहे, वायरी अदलाबदल झाल्या की दिशा उलटते, तक्रार काही करत नाही. इंजिनची गरम हवा पुढे ढकलतो आहे आणि रस्त्यावर समोरच्या वाऱ्याशी भांडतो आहे. दोन्ही वायरी सोडून उलट जोडा, नीट डाग द्या, वर टेप. नुसता पीळ मारून सोडू नका, पंधरा अँपिअरला तो पीळ जळतो.

---

जिनिंगचा_दिवाणजी – गुरुवार, सकाळी ८:१५

जोडल्या. पान चिकटलं. एसी लावून अर्धा तास उभी ठेवली, काटा मधोमध, एकदा वर जाऊन परत आला. एसी बंद केल्यावर पंखा दीड मिनिटाने थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला. काल रात्री झोपताना बायको म्हणाली, गाडी आली कधी ते कळलंच नाही.

पुढच्या हंगामात दर पंधरवड्याला उजेड मारून पाहणार. आवारात गाडीही आता कापसाच्या गंजीवरून वारा येणार नाही अशा बाजूला लावेन.

---

तूरडाळ – शुक्रवार, सायंकाळी ६:३०

रेझिस्टरच होता. ३५० रुपये. इलेक्ट्रिशियनने आधी पूर्ण पंखाच काढून टेबलावर ठेवला होता, मी "लो स्पीड" म्हटल्यावर माझ्याकडे जरा रोखून पाहिलं त्याने.

---

डिझेल_मामा – रविवार, रात्री ९:१०

काका, घाटातून उतरल्यावर गरम इंजिनवर फिरवून पायलं. कापड लावून. चार गिरक्या मारल्या पठ्ठ्यानं, भोवऱ्यावाणी. डब्ब्याच्या मधात तेल अन् धूळ. नवा आणला अमरावतीहून, यष्टीत मांडीवर उभा धरून. कंडक्टर म्हणे पोट्ट्याचं हाफ तिकीट लागन.

आज सेमाडोहपर्यंत गेलो. चढावर बोंबलला. लय बरं वाटलं.